कुंडीत काय लावावं: पातीचा कांदा, लसूण की एन-२-४-१ या कांद्याच्या जातीचं बियाणं?

नवख्यांनी बियाण्याच्या पाकिटापासून सुरुवात करू नये. कोंब फुटलेले ४-५ कांदे २० सेंमी खोल कुंडीत शेंडा वर ठेवून अर्धे पुरा. ३ आठवड्यांत पात. बुडापासून ३ सेंमी वर कापली की पुन्हा फुटते, २-३ वेळा. यातून नवा कांदा मात्र पोसला जात नाही, डेंगळे (फुलांचे दांडे) येतात. पाचपैकी पाच गुण.

लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात. बाहेरच्या जाड पाकळ्या, ३ सेंमी खोल, १० सेंमी अंतर. आतल्या बारीक पाकळ्या भाजीला वापरा, त्यांचे गड्डे लहानच राहतात. चार गुण.

एन-२-४-१ ही आपल्या पिंपळगाव बसवंतची रब्बी जात, टिकायला उत्तम. तरी गच्चीवर तीनच गुण, कारण उस्तवार फार. ऑक्टोबरअखेर १ सेंमी खोल पेरा, ५०-५५ दिवसांनी रोपं १० सेंमीवर लावा. दाट पेरणी आणि सततची ओल असली की रोपं बुडातून कोलमडतात. पाकिटावरची तारीख आधी बघा: कांद्याचं बी वर्षभरातच उगवण गमावतं, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जुना माल सर्रास असतो. पावसाळ्यासाठी हीच जात कुणी पुढे केली तर घेऊ नका. खरिपाला बसवंत-७८० किंवा ॲग्रीफाउंड डार्क रेड मागा.

पातीवर चंदेरी चट्टे म्हणजे फुलकिडे. पाण्याचा फवारा, मग निंबोळी अर्क. निम्म्या कांद्यांची पात मानेतून आडवी पडली की पाणी बंद, नाहीतर कांदा साठवणीच्या चाळीत काय, टोपलीतही सडेल.