घरच्या नेटची तपासणी करून घेतली: नागपुरातल्या बर्डीवरच्या एका दुकानाचा अनुभव

मी त्रिमूर्तीनगरला राहते आणि बारावी कॉमर्सला पुस्तपालन व लेखाकर्म शिकवते. सकाळची बॅच घरी, दुपारी चारची ऑनलाइन. ऑनलाइनवाल्या मुली काटोल, उमरेड, कुहीकडच्या. रोज नागपूरला येण्या-जाण्यात त्यांचे तीन-चार तास जातात, म्हणून हा वर्ग मी बंद पडू देत नाही. पण लागोपाठ दोन उन्हाळे तेच झालं. भागीदाराच्या प्रवेशाचं उदाहरण अर्ध्यावर आलं, ख्यातीची नोंद सांगतेय, आणि चॅटमध्ये ओळी यायला लागतात: मॅडम, आवाज तुटतोय.

नेट कंपनीकडे पाच तक्रारी केल्या. दर वेळी राउटर बंद करून चालू करा. दोनदा माणूस आला, डब्याजवळ उभं राहून मोबाइलवर स्पीड बघितली, ठीक आहे म्हणाला आणि गेला. डब्याजवळ ठीकच होती. मी शिकवते मागच्या खोलीत.

शेवटी एप्रिलमध्ये सुभाषनगरहून मेट्रोने बर्डीला गेले, नवा राउटर घ्यायला. पाच-सहा हजारांची तयारी होती. दुकानदाराने राउटर काढून काउंटरवर ठेवलाही. मग विचारलं, डबा कुठे लावलाय, भिंती कशा आहेत, त्रास कधीपासून. मार्चच्या शेवटी सुरू होतो आणि पावसाळा लागला की जातो, असं सांगितल्यावर त्यांनी राउटर परत मागे ठेवला. "आधी पाहून घ्या मॅडम. तपासणीचे चारशे. वस्तू लागली तरच घ्या." हातातलं गिऱ्हाईक असं थांबवणारं दुकान मला बऱ्याच वर्षांनी भेटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडचा मुलगा आला. दहाची वेळ दिली होती, साडेअकराला आला, फोन न करता. ते सोडलं तर त्याने जे केलं ते सविस्तर सांगते, कारण हे कुणालाही घरी करून बघता येईल.

माझ्या टेबलावर बसून त्याने लॅपटॉपवर दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एकीतून घरच्या राउटरला, १९२.१६८.१.१ ला, पिंग सुरू ठेवलं, म्हणजे सारखा छोटा निरोप पाठवून उत्तर येतंय का ते बघायचं. दुसरीतून बाहेरच्या ८.८.८.८ ला, तो गुगलचा सर्व्हर. राउटरचं उत्तर नीट येतंय आणि फक्त बाहेरचं अडकतंय, तर दोष कंपनीच्या बाजूला. राउटरचंच उत्तर अडकलं, तर दोष घरात. दहा मिनिटं आम्ही बघत बसलो. दोन्ही एकाच वेळी अडकत होते. दोन वर्षं मी ज्या कंपनीवर चिडले होते, तिचा निदान या बाबतीत दोष नव्हता.

मग तो व्हरांड्यात गेला. वायर आणणाऱ्याने डबा तिथेच भिंतीला ठोकून दिलेला. व्हरांडा आणि घर यांच्यामध्ये चौदा इंची भिंत, तिला एकच खिडकी, आणि त्या खिडकीत मार्चपासून आमचा कूलर. लोखंडी पत्र्याचा, साठ लिटर पाण्याचा. हिवाळ्यात वाय-फाय त्या खिडकीतून आत येत होतं. कूलर बसला की ती वाट बंद. पत्रा रेडिओलहरी परतवतो, पाणी शोषतं. त्याने कूलर चाकांवरून दीडेक फूट बाजूला ओढला आणि मला मोबाइल दाखवला: मागच्या खोलीत सिग्नल −८१ होता तो −६६ वर आला. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. "तुमचं नेट कूलर अडवून राहिला ना मॅडम," तो म्हणाला.

नागपुरात कूलर काढून तर चालणार नाही, घरात सासूबाई ८३ वर्षांच्या. मी रिपीटर सुचवला, वाय-फाय पकडून पुढे पाठवणारा डबा. तो नको म्हणाला: साधा रिपीटर ज्या लहरींवर ऐकतो त्यांवरच पुढे बोलतो, त्यामुळे स्पीड निम्मी होते, आणि इथे तर त्याच्यापर्यंत पोचणारा सिग्नलच अडलेला. सरळ तार टाकू.

तारेआधी आणखी एक गोष्ट निघाली. आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा, आणि डब्याला तारेने लॅपटॉप जोडला तरी स्पीड ९४ च्या वर जाईना. त्याने लगेच छोटी तार बदलली आणि १९० च्या वर गेली. त्या तारेत आठ वायरी असतात. एखादी जरी तुटली तरी जोडणी १००० वरून १०० वर उतरू शकते, आणि १०० वर प्रत्यक्षात ९४-९५ मिळतात. तुमच्याकडे मोठा प्लॅन असून आकडा नेमका नव्वदीत अडकत असेल तर आधी ही तार बघा.

फायबरची पिवळी तार कुणीतरी खिळ्याला घट्ट गुंडाळली होती. आत काच असते, फार वळवली की उजेड बाहेर गळतो. मोठा वेढा करून त्याने ती सैल सोडली. डब्याच्या सेटिंगच्या पानावर उजेडाची ताकद −२६ दिसत होती, ती −२१ झाली. साधारण −२७ च्या खाली गेलं की जोडणी तुटायला लागते.

मग स्वयंपाकघराच्या कडेने २२ मीटर कॅट सिक्स, म्हणजे नेटची तार, टाकली. कापलेलं टोक ब्लेडने खरवडून मला दाखवलं, आत तांबूसच निघालं. स्वस्त तारेत आत ॲल्युमिनियम असतं, वरून फक्त तांब्याचा मुलामा, खरवडलं की पांढरं दिसतं. मागच्या खोलीत नवं काही लावलंच नाही. कपाटातला जुना राउटर काढला, त्याचं डीएचसीपी बंद केलं म्हणजे पत्ते वाटायचं काम एकाच डब्याकडे राहतं, त्याला १९२.१६८.१.२ हा पत्ता दिला आणि तार लॅन पोर्टमध्ये लावली. दोन्हीकडे वाय-फायचं नाव आणि पासवर्ड एकच. चॅनल इकडे १, तिकडे ११, म्हणजे एकमेकांवर चढत नाहीत. लॅपटॉप मात्र मी आता तारेवरच ठेवते.

एकूण खर्च २,९५० रुपये: तपासणी, तार, केसिंग पट्टी, मजुरी सगळं धरून. बिल मागावं लागलं नाही.

काम पूर्ण चांगलं म्हणणार नाही. ड्रिल मारताना स्वयंपाकघराच्या भिंतीचा पोपडा तळहाताएवढा निघाला, तो तसाच ठेवून गेला आणि धूळही मलाच झाडावी लागली. पट्टीचा एक तुकडा आठवड्यात सुटला. फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी येऊन बसवून दिला, पैसे घेतले नाहीत. व्हरांड्यात पश्चिमेचं ऊन येतं, डबा दुपारी हात ठेववत नाही इतका तापतो. तो पूर्वेच्या भिंतीवर घ्यायला हवा हे त्याने सांगितलं, पण फायबर हलवायचं काम कंपनीचं. त्याची तक्रार मी टाकली आहे, अजून कुणी आलेलं नाही.

परवा, मे महिन्यातली दुपार, कूलर पूर्ण वेगात, चार ते साडेपाच वर्ग झाला. काटोलची एक मुलगी नफा-तोटा समायोजन खात्यावर चार वेळा अडली, चारही वेळा तिने प्रश्न पूर्ण विचारला आणि माझं उत्तर तिला पूर्ण ऐकू गेलं.