क्रॅश की ड्रॅगन? लटकलेल्या बॉक्सचा डंप दोन्हीत उघडून बघितला त्याची गोष्ट

लिनक्सच्या डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये) "ब्लॉक्ड फॉर मोर दॅन १२० सेकंद्स" आलंय, म्हणजे एखादं काम दोन मिनिटांवर अडकून पडलंय, व्हीएमकोअर (कर्नलची मेमरी उतरवून ठेवलेली फाइल, म्हणजेच डंप) पण हातात आहे, फक्त तो क्रॅशमध्ये उघडू की ड्रॅगनमध्ये (drgn), म्हणजे डंप वाचायच्या या दोन टूलपैकी कशात, यावर जो अडलाय त्याच्यासाठी लिहितोय. मी दोन्ही एकाच डंपवर चालवलीत, पण डंप एकच आणि कर्नल पण एकच, ५.१५, तेव्हा माझा शब्द शेवटचा धरू नका.

झालं असं की शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कास्टिंगचे फोटो काढणारा आमचा लिनक्स बॉक्स आहे, कॅमेरा कार्डाचा ड्रायव्हर कर्नलबाहेरचा, म्हणजे कर्नलच्या मूळ कोडात नसलेला. आठ-पंधरा दिवसांतनं एकदा लटकायचा. एसएसएच चालू, एलएस चालतंय, पण पीएस एयूएक्स (चालू प्रोसेसची यादी) मारलं की ते पण जाऊन बसायचं, कारण कमांडलाइन वाचायला त्याला त्या प्रोसेसचा एममॅप लॉक (तिच्या मेमरीच्या नकाशावरचं कुलूप) लागतो आणि तिथं आधीच रांग लागलेली. त्यात ती वरची हंग टास्कची (अडकलेल्या कामाची) वॉर्निंग डिफॉल्टला १० वेळाच येते, मग गप्प, त्यामुळं तिथल्या सुपरवायझरना वाटायचं की बरं झालं आपोआप. शेवटी सिसआरक्यूनं (थेट कर्नलला हुकूम द्यायची सोय) कर्नल मुद्दाम पाडून डंप घेतला.

आता क्रॅश. जुनं, भरवशाचं, रेड हॅटवाल्या मंडळींच्या हाताखालचं. "फोरईच यूएन बीटी" टाकलं की डी स्टेटमधली (कशाची तरी वाट बघत अडकलेली) सगळी टास्क स्टॅकसकट (कुठल्या फंक्शनमधनं कुठं पोचली त्या साखळीसकट) समोर, पाठ करायची कमांड एकच. ऑफिसमधल्या जुन्या माणसांना हेच येतं, रात्री अडलं तर फोन करून विचारता येतं, ही पण सोयच की. नव्या कर्नलवर जुनं क्रॅश घातलं तर "इन्व्हॅलिड स्ट्रक्चर मेंबर ऑफसेट" म्हणून रुसतं, पण नवीन व्हर्जन बिल्ड केलं की भागतं, मला त्याचा फार त्रास नाही झाला.

त्रास झाला तो वेगळाच. स्टॅक दिसतो, दोन थ्रेड अडकलेत ते पण दिसतं, एक म्यूटेक्सवर (एका वेळी एकालाच धरता येणारं कुलूप), एक एममॅप लॉकवर. पण कुठला म्यूटेक्स? त्याचा पत्ता काढायला बीटी एफ मारायचं, कच्चे हेक्स आकडे बघायचे, मग फंक्शन डिसअसेंबल करून कॉलच्या आधी आरडीआय (फंक्शनला पहिलं आर्ग्युमेंट देणारं रजिस्टर) कुठल्या रजिस्टरमधनं भरला, ते रजिस्टर पुढच्या फंक्शननं स्टॅकवर कुठं पुश केलं हे बोटानं मोजत जायचं. वहीची दोन पानं भरली आणि शेवटी ८ बाइटनं चुकलो होतो, दुसऱ्याच कुठल्या फील्डला लॉक समजून त्याचा ओनर (धरून बसलेला थ्रेड) शोधत बसलेलो अख्खी संध्याकाळ. भावा, तिथंच मन उडालं.

ड्रॅगन म्हणजे पायथनमधनं चालवायचं टूल. फेसबुकमध्ये ओमार सँडोव्हालनं सुरू केलेलं. त्याच डंपवर थ्रेडचा स्टॅक घेतला, ड्रायव्हरच्या फ्रेमचा नंबर आणि लोकल व्हेरिएबलचं नाव दिलं, डिव्हाइसचं स्ट्रक्चर नावानिशी बाहेर आलं आणि त्यात म्यूटेक्स. ओनरमधले खालचे फ्लॅगचे बिट झाकले की टास्कचा पॉइंटर, म्हणजे आयओसीटीएल (ड्रायव्हरला हुकूम द्यायचा कॉल) करणारा थ्रेड. तो म्यूटेक्स धरून युजरकडनं डेटा कॉपी करत होता, डेटाचं पान मेमरीत नव्हतं, फॉल्ट आला (म्हणजे ते पान आणायचं काम कर्नलवर पडलं), फॉल्टला एममॅप लॉक पाहिजे. आणि एममॅप लॉकचा ओनर कोण, तर दुसरा थ्रेड, एममॅप कॉलमधनं (प्रोसेसला मेमरी जोडून घ्यायचा कॉल) ड्रायव्हरमध्ये शिरून त्याच म्यूटेक्सवर थांबलेला. दोघं एकमेकांची वाट बघत बसलेले. पान बहुतेक वेळा मेमरीत असतंच, म्हणून इतक्या दिवसांतनं एकदा.

(लॉकडेप, म्हणजे लॉक धरायचा क्रम तपासणारी कर्नलची सोय, लावला असता तर प्रत्यक्ष न लटकता पण ओरडला असता, मान्य, पण चालू लाईनवर डिबग कर्नल कोण घालू देतंय.)

ड्रॅगनमध्ये पण सगळं गोड नाही. कंपायलरनं व्हेरिएबल उडवलं असेल तर "ऑप्टिमाइज्ड आउट" येतं आणि परत वही उघडायची. ड्रायव्हरची डिबग इन्फो (व्हेरिएबल आणि स्ट्रक्चरच्या नावांची माहिती) नसेल तर नावं मिळत नाहीत. आणि लॉक वाचकांनी (फक्त वाचायला आलेले थ्रेड, असे अनेक एकदम धरू शकतात) धरला असेल तर ओनर फील्ड नुसता अंदाज देतं, कदाचित आधीच सोडून गेलेला वाचक दाखवतं, मग सगळ्या टास्कचे स्टॅक चाळणं आलंच, दोन्हीकडं. फक्त इथं ते फॉर लूपमध्ये होतं आणि स्क्रिप्ट पुढच्या डंपला पण चालते.

पायथनचा कंटाळा असेल, वर्षातनं एखादाच डंप बघायचा असेल तर क्रॅशच बरं, उगाच नवीन काही शिकत बसू नका. मी अजून पहिली पाच मिनिटं क्रॅशमध्येच घालवतो. पण लॉक कुणाच्या हातात आहे हे विचारायची वेळ आली की हात आपोआप ड्रॅगनकडं जातो.

आणि कुठलंही घ्या, कर्नलची डिबग इन्फो आधीच उतरवून ठेवा. मी शिरोलीत मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ती उतरवायला बसलो, भट्टीची शिफ्ट बदलली तरी निम्मी पण आली नव्हती.