बसवायला एक नंबर, काढलेल्या मालाचं काय? (3/5)

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. जुने स्मोक डिटेक्टर काढून नवीन बसवायला एका फायर सेफ्टीवाल्यांना बोलावलं, नाव घेत नाही, माणसं वाईट नाहीत. नऊ म्हणाले आणि नऊलाच आले, इथंच मी गार! 11 डिटेक्टर, वायरिंग, टेस्टिंग सगळं जेवायच्या आधी उरकलं, बिल पण कोटेशनएवढंच.

पण काढलेले जुने त्यांच्या पोरानं सुताच्या रिकाम्या पोत्यात भरले आणि म्हणतो, "मालक, भंगारात घाला की ओ." एक उलटा करून बघितला तर मागं पिवळं स्टिकर, किरणोत्साराची ती तीन पात्यांची खूण, खाली अमेरिशियम-241, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ. तोवर या पठ्ठ्यानं दुसऱ्याचं झाकण स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं पण, आत काय असतंय बघायला. ओरडलोच मी.

छताला होता तोवर काय भ्या नव्हतं, त्यातले अल्फा कण साध्या कागदानं पण अडतात. पण आतली बारकी चकती कुणी खरवडली, जाळली आणि ती धूळ नाकातोंडात गेली की संपलं. त्यात 432 वर्षांनी कुठं ते निम्मं होणार. 2010 ला दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात काय झालं आठवतंय ना, विद्यापीठातलं पडून असलेलं मशीन लिलावात विकलं, आत किरणोत्सारी कोबाल्ट-60, भंगारवाल्यांनी खोललं आणि एक माणूस जिवाला मुकला. त्याच्यापुढं आमचा माल किरकोळ, पण चूक तीच की.

त्यांच्या ऑफिसला फोन केला तर मॅडम म्हणतात, "सर, आता तसले येतच नाहीत." अहो नवीन येत नसतील, जुने कुठं जाणार? चौथ्या फोनला त्यांचे सीनियर आले, त्यांना मात्र सगळं माहीत होतं. असला माल मूळ सप्लायरकडं परत जातो नाहीतर मान्यता असलेल्या किरणोत्सारी कचऱ्याच्या ठिकाणी, आणि त्यावर एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, नजर असते. उचकटलेला ग्लोव्हज घालून वेगळ्या पिशवीत टेप मारून ठेवला, बाकीचे पत्र्याच्या डब्यात, वर मार्करनं "उघडू नये".

डबा अजून माझ्याच स्टोअरला कुलपात आहे, त्यांचा सप्लायरशी पत्रव्यवहार चालूय म्हणे. तुम्ही काम देणार असाल तर जुना माल कोण नेणार ते आधी कोटेशनवर लिहून घ्या. मला पोच मिळाली की दोन स्टार वाढवतो.