एसईओ की सोशल मीडिया: पहिला पैसा कुठे टाकावा?

बजेट मर्यादित असेल तर आधी एकच गोष्ट बघा: तुम्ही जे विकता ते लोक आपणहून शोधतात का? नळ गळायला लागला किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर हवं असलं की माणूस सरळ गूगल उघडतो. अशा धंद्याला एसईओ, म्हणजे गूगलच्या निकालात साइट वर आणण्याचं काम, आधी. पण हाताने घडवलेले दागिने किंवा अगदी नव्या प्रकारची वस्तू डोळ्यांसमोर आल्याशिवाय कोणाला सुचतच नाही. तिथे इन्स्टाग्राम आधी. खात्री करायला गूगल अ‍ॅड्समधला कीवर्ड प्लॅनर वापरा, त्यात महिन्याला साधारण किती वेळा शोध होतो ते कळतं. गूगल ट्रेंड्समधले 0 ते 100 हे आकडे फक्त तुलनेचे असतात, ते शोधांची संख्या समजून गल्लत करू नका.

एसईओचा मोठा दोष म्हणजे वेळ. परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष धरून चला. ‘पहिल्या क्रमांकाची गॅरंटी’ देणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलनेच स्पष्ट सांगितलंय. काम देण्याआधी सर्च कन्सोलचं (साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) खातं स्वतःच्या नावावर काढा आणि एजन्सीला फक्त वापरकर्ता म्हणून जोडा. नाहीतर करार संपल्यावर त्या खात्याचा ताबा त्यांच्याकडेच राहतो.

फुकट असूनही सर्च कन्सोल हे या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात कामाचं साधन आहे. परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा, मागचे तीन महिने निवडा, सरासरी स्थान हा पर्याय चालू करा आणि शोधशब्द इम्प्रेशनप्रमाणे (निकालात तुमचं पान किती वेळा दिसलं) लावा. इम्प्रेशन भरपूर, स्थान 8 ते 20 आणि क्लिक नगण्य असे शब्द वेगळे काढा. नवीन लेख लिहिण्याआधी त्याच पानांवर मेहनत घ्या. शीर्षकात ग्राहकाचाच शब्द आणा आणि ते 60 अक्षरांच्या आसपास ठेवा, फार लांबलं की निकालात तुटतं. पहिल्या परिच्छेदातच प्रश्नाचं थेट उत्तर द्या. एकाच विषयावर दोन पानं असतील तर ती एकमेकांना मारतात. एकत्र करा आणि जुन्या पत्त्यावरून 301 रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचं नव्या पानावर नेणारी सोय) लावा. डेटा 16 महिन्यांपर्यंतचाच मिळतो, त्यामुळे अधूनमधून उतरवून ठेवा.

साइट नव्याने बांधली की ट्रॅफिक एकदम कोसळतं, ही तक्रार नेहमीची. बहुतेक वेळा चाचणीच्या काळातला ‘नोइंडेक्स’ टॅग (हे पान निकालात दाखवू नका, असं गूगलला सांगणारी खूण) काढायचा राहिलेला असतो किंवा जुने पत्ते रीडायरेक्ट न करताच बदललेले असतात. सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये पत्ता टाकलात की पान इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलच्या नोंदीत, आहे का, नसेल तर का नाही, हे कळतं.

सोशल मीडियाचा वेग मात्र एसईओला कधीच गाठता येणार नाही. आज टाकलेली रील आजच हजारो अनोळखी लोकांपर्यंत जाऊ शकते. पण तिचा जोर लवकर ओसरतो आणि स्टोरी तर 24 तासांत जाते. म्हणजे नवीन मजकूर सतत हवा, आणि महिन्याचा खरा खर्च शूटिंग व एडिटिंगवर होतो. एजन्सीच्या पॅकेजात ‘महिन्याला इतक्या पोस्ट’ लिहिलेलं असतं, पण शूटिंग कोण करणार आणि कमेंट-मेसेजना उत्तर कोण देणार, हे विचारून घ्या. चौकशीचा मेसेज दोन दिवस पडून राहिला तर चांगली रीलही वाया गेली.

लाइकवर जाऊ नका. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्स या आकडेवारीत फॉलोअर नसलेल्यांपर्यंतचा रीच (किती जणांपर्यंत पोचलं), सेव्ह आणि शेअर बघा. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिंक टाकून उपयोग नाही, ती दाबता येत नाही. बायोमध्ये पाच लिंक बसतात आणि स्टोरीत लिंक स्टिकर लावता येतो. लिंकला यूटीएम (माणूस कुठून आला ते सांगणारी, लिंकच्या शेवटी जोडायची खूण) जोडायला विसरू नका, नाहीतर साइटवर कोण कुठून आलं ते दाखवणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये यातली बरीच माणसं ‘डायरेक्ट’, म्हणजे थेट आलेली, म्हणून दिसतात आणि सोशल मीडियाचं श्रेय हरवतं.

दोन्ही परवडत असतील तर सर्च कन्सोलमध्ये सापडलेल्या ग्राहकांच्या प्रश्नांवरच रील बनवा आणि ती रील त्या-त्या पानावर लावा. विषय शोधण्याचं निम्मं काम तिथेच होतं.