अंबरमधली पाल आणि मी

लिलावाच्या साईटवर काहीही विकलं जातं हे मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच माहितीनं माझा घात केला. ईबे 1995 ला सुरू झालं तेव्हा तिथे पहिली वस्तू गेली ती तुटका लेझर पॉइंटर, 14.83 डॉलरला, आणि घेणारा म्हणे तुटकेच पॉइंटर जमवायचा. 2004 ला येशूच्या आईचा, मेरीचा चेहरा उमटलेलं टोस्ट सँडविच 28,000 डॉलरला गेलं. असलं वाचून वाचून माझं डोकं असं झालं होतं की विचित्र वस्तू दिसली की ती खोटी असेल असं वाटायचंच नाही, उलट "वा, काय सापडलंय" असं वाटायचं.

तर मला (दुसऱ्याच एका साईटवर) दिसली अंबरमध्ये अडकलेली पाल. अंबर म्हणजे आपला तृणमणी, झाडाची राळ लाखो वर्षांत घट्ट होऊन बनलेला. किडे त्यात बऱ्याचदा सापडतात पण अख्खी पाल म्हणजे अत्यंत दुर्मिळ, आणि ते मला माहीत असूनही मी बोली लावली बरं का! आजोबांच्या पेटीत सापडली वगैरे गोष्ट पण होती खाली. समोर एकच जण होता, मी वाढवली की तो वाढवायचा, शेवटच्या काही सेकंदांत तो जिंकला आणि मी रात्रभर हळहळत बसलो.

सकाळी विकणाऱ्याचा मेसेज. जिंकणाऱ्यानं पैसे भरले नाहीत, तुम्हाला तुमच्या शेवटच्या बोलीला देतो, फक्त साईटवरून नको, थेट पाठवा म्हणजे कमिशन वाचेल. मी पाठवले. इथेच संपलं होतं सगळं, कारण पैसे साईटच्या बाहेर गेले की साईटकडे तक्रार करायला जागाच उरत नाही.

पार्सल आलं, वस्तू आली, रिकामा डबा नव्हता एवढंच. पाल अगदी मधोमध, चारही पाय नीट पसरलेले, शेपूट डावीकडे वळलेली, जणू फोटोला बसलीय. जीव वाचवायला धडपडलेला प्राणी असा दिसेल का? मग पेल्यात पाणी घेऊन मीठ विरघळेनासं होईपर्यंत टाकलं, अंबर अशा पाण्यात तरंगतं, माझा तुकडा सरळ तळाला. गरम सुई टोचली तर पाइनच्या राळेसारखा वास यायला हवा, आला जळक्या प्लास्टिकचा. (तरंगलं म्हणजे खरंच असंही नाही हां, कोपल नावाची कोवळी राळ पण तरंगते, ती ॲसिटोनवाल्या नेलपेंट रिमूव्हरनं चिकट होते.)

नंतर मी त्या "जिंकणाऱ्याचं" खातं उघडून पाहिलं, जे आधी पाहायला दोन मिनिटं लागली असती. त्यानं आजवर बोली लावली होती ती फक्त याच एका विकणाऱ्याच्या वस्तूंवर, आणि पैसे भरून घेतलेलं काहीच नाही. म्हणजे बोली चढवायला बसवलेला विकणाऱ्याचाच माणूस.

परवा अगदी तशीच पाल परत लिलावात दिसली, शेपूट डावीकडेच, विकणाऱ्याचं नाव नवीन, आजोबांच्या जागी आता आत्या आहे. पहिली बोली आमच्या त्याच मित्राची. मी रिपोर्ट केलंय, पण हे टाईप करतोय तोवर बोली लावणारे चार झाले होते.