सुरी, विळी, कोयता : धार लावायच्या सामानाचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या खंडेनवमीला घरातली सगळी पाती पूजेसाठी बाहेर काढली. आईची विळी, दोन सुऱ्या, एक छोटा दातेरी चाकू, माझा ट्रेकचा चाकू, गावाहून आणलेला कोयता आणि आजोबांचा अडकित्ता. घासूनपुसून पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या कोशिंबिरीसाठी त्यातल्याच सुरीने टोमॅटो चिरायला घेतला, तर तो चिरला नाही, चेपला. आई ओट्यापाशीच उभी होती. म्हणाली, "पूजा झाली ना, आता धारही लाव."

तेव्हापासून नऊ महिने मी हेच करतोय. एक सुरी जवळजवळ वाया घालवली, डाव्या अंगठ्यावर कायमची खूण करून घेतली, आणि जे सामान घेतलं त्यातलं निम्मं आता माळ्यावर आहे. नव्याने घेणाऱ्याचे पैसे वाचावेत म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली खरेदी अर्थातच चुकीची. ओट्यावर ठेवून सुरी खाचेतून ओढायची, ते यंत्र. खाचेत कार्बाइडचे दोन दात इंग्रजी व्ही अक्षरासारखे बसवलेले असतात. चार वेळा ओढलं की खरखर करत लोखंडाचा कीस पडतो आणि सुरी लगेच कापायला लागते. पहिला आठवडा मी घरात हिरो होतो. दोन महिन्यांनी आईची तक्रार आली की कोथिंबीर सुटी होत नाही, माळेसारखी जोडलेली राहते. सुरी फळीवर टेकवून उजेडासमोर धरली तेव्हा कारण दिसलं. मुठीजवळचा अर्धा इंच खाचेत पोचतच नव्हता, त्यामुळे तो तसाच राहिला होता आणि त्याच्या पुढचं पातं खाल्लं गेलं होतं. मध्ये झालेल्या पोकळीत सुरी फळीला टेकतच नव्हती. हे यंत्र पातं घासत नाही, तासतं. ज्या सुरीबद्दल काहीच वाटत नाही तिला लावा.

मग हार्डवेअरच्या दुकानातून आणला काळपट राखाडी दगड. आठ इंच लांब, एक बाजू भरड, एक बारीक, सुतार लोक पटाशी आणि रंध्याचं पातं पाजवायला वापरतात तो. सिलिकॉन कार्बाइडचा असतो. आमच्या दुकानदाराने 'कुमीचा दगड' म्हणून दिला, म्हणजे चेन्नईच्या कार्बोरंडम युनिव्हर्सलचा. मला साडेतीनशेच्या आत पडला. आज फक्त एकच वस्तू ठेवायची म्हटलं तर हीच ठेवीन. सुतार त्यावर तेल घालतात. मी पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब घालतो, कारण सुरी परत जेवणातच जायची असते. मात्र पहिल्याच दिवशी काय ते ठरवा. एकदा दगडाने तेल प्यायलं की पुढे पाणी नुसतं वरून ओघळतं.

(जाता जाता : धारेच्या दगडासाठी आपल्याकडे जुना शब्द आहे कुरुंद. इंग्रजीतला 'कोरंडम' तमिळ 'कुरुंदम'वरूनच गेलाय. आपण मात्र तोच माल परदेशी नावाने आणि परदेशी भावाने मागवतो.)

या दगडाने मला धार म्हणजे काय ते शिकवलं, त्यामुळे इथे थोडा रेंगाळतो. सुरी ठरावीक कोनात धरून एका बाजूने घासत राहिलं की पलीकडच्या बाजूला केसाहून बारीक कड उलटते. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. अंगठा पाठीकडून धारेकडे आणि धारेबाहेर हळूच सरकवला की ती अडकते. अंगठा धारेच्या लांबीवरून मात्र कधीही फिरवायचा नाही, माझ्या अंगठ्यावरची खूण तिथलीच आहे. मुठीपासून टोकापर्यंत सलग बर लागली की ती बाजू झाली. मग दुसरी बाजू, मग हात हलका करत बर काढून टाकायची. सुरुवातीचे दोन महिने माझी धार टिकायची नाही, कारण मी बर यायच्या आधीच कंटाळून बारीक बाजूवर जायचो. भरड बाजूवर वीस मिनिटं गेली तरी चालतील, पुढचं सगळं पाच मिनिटांत होतं.

कोनाचा बाऊ केला जातो तेवढा तो अवघड नाही. माझी मोठी सुरी मुठीपाशी साधारण 45 मिलिमीटर रुंद आहे. तिची पाठ दगडापासून 12 मिलिमीटर उचलली की 15 अंश, 15 मिलिमीटर उचलली की 20 अंश. 12 मिलिमीटर म्हणजे माझी करंगळी. करंगळी पाठीखाली घालून अंदाज घ्यायचा, मग काढून घ्यायची. दुसरी युक्ती मार्करची. धारेच्या उतारावर काळा मार्कर फिरवायचा आणि दगडावर एकच हात मारायचा. शाई धारेपाशी तशीच राहिली असेल तर कोन कमी पडतोय, फक्त धारेपाशीच गेली असेल तर जास्त होतोय.

हे जमल्यावर हाव सुटली आणि जपानी पाण्याचा दगड मागवला, एक बाजू 1000, दुसरी 6000 (आकडा जितका मोठा तितका दगडाचा कण बारीक). काळ्या दगडाच्या कितीतरी पट किंमत. 1000 ची बाजू सुरेख आहे. लोण्यासारखी चालते, आवाजच वेगळा येतो, आणि हात चुकला की लगेच कळतं. 6000 च्या बाजूवर मी जानेवारी-फेब्रुवारीतल्या अनेक संध्याकाळी घालवल्या. सुरीत तोंड दिसायला लागलं, कागद हवेत धरून कापायचे प्रयोग करून झाले. पण टोमॅटोचं काय? पहिले तीन-चार दिवस स्वर्ग. दहाव्या दिवसापासून सुरी सालीवरून घसरायला लागली. 1000 वर थांबवलेली तीच सुरी तीन आठवडे टोमॅटोत अलगद शिरत होती. कारण साधं आहे. 1000 वरच्या धारेला डोळ्यांना न दिसणारे बारीक दाते राहतात, ते साल पकडतात. 6000 ते घासून टाकतो. माझी सुरी व्हिक्टोरिनॉक्सची आहे. तिचं पोलाद मऊपैकी, कडकपणा मोजायच्या रॉकवेल मापावर 56 च्या आसपास. असल्या पोलादाला आरसा केला तरी तो टिकत नाही. साठाच्या वरच्या कडक जपानी सुऱ्या असतील आणि कच्च्या माशाचे कागदासारखे काप काढायचे असतील तर 6000 घ्या. आमच्याकडे सुरमईच्या तुकड्या पडतात, त्याला 1000 पुरून उरतो.

आणि हो, दगडावरच्या 1000 ची पॉलिश पेपरवरच्या 1000 शी तुलना करू नका. मोजायची पद्धत वेगळी आहे, कागदावरचा 1000 जपानी दगडाच्या 1000 पेक्षा भरड असतो.

मित्राकडून क्लॅम्पवालं यंत्रही दोन आठवडे आणलं होतं. त्यात पातं पकडायचं आणि सळईला लावलेला दगड ठरलेल्या कोनात फिरवायचा. कोन अगदी बिनचूक येतो. पण लांब सुरी दोनदा सोडून दोनदा बांधावी लागते, आणि रात्री भांडी झाल्यावर ते सगळं मांडायचा उत्साह कोणाला असतो? खिशातल्या लहान चाकूंसाठी छान आहे. मी परत केलं.

ट्रेकचा चाकू 'मोरा' नावाचा, स्वीडनचा. याच्यासाठी वेगळं काही शिकावंच लागलं नाही. त्याचा उतार रुंद आणि सपाट असतो. तो उतार दगडावर पालथा टेकवला की कोन आपोआप मिळतो. हात बसवायला याच्यासारखा चाकू नाही, मी उगाच सुरीपासून सुरुवात केली. सॅकमध्ये आता एटीएम कार्डाएवढी डायमंड प्लेट असते. तिला पाणी लागत नाही आणि ती झिजून खोलगट होत नाही. नवी असताना फार ओरखडे काढते, पाच-सहा वापरांनंतर शांत होते. दाब देऊन घासलं तर हिरकण्या निघून येतात. मी पहिली प्लेट अशीच टकली केली.

आता खरा प्रश्न. विळी.

एवढं सगळं जमवल्यावर रुबाबात विळी मांडून बसलो आणि पाच मिनिटांत लक्षात आलं की माझ्याकडचं एकही सामान तिला लागत नाही. विळीचं पातं आतल्या बाजूला वळलेलं. सपाट दगड त्या बाकात बसतच नाही. कडेने घासावं तर दगडाचा कोपरा पात्यात खड्डा पाडतो. शेवटी उत्तर स्वयंपाकघरातच मिळालं : लाटणं. जुन्या लाटण्याला 320 चा पाण्याचा पॉलिश पेपर घट्ट गुंडाळला, दोन्ही टोकांना रबर लावले. विळीच्या पाटावर नेहमीसारखा पाय ठेवून बसायचं, लाटणं पात्याच्या बाजूला किंचित तिरकं टेकवायचं आणि पाठीकडून धारेकडे ओढायचं. उलटं नेलं तर धार कागद फाडते. डावीकडून बर आली की उजवीकडून. पंधरा मिनिटांत विळी अशी झाली की मेथीची जुडी नुसती टेकवली तरी चिरली जात होती. खर्च, कागदाच्या एका तावाचा. विळीच्या टोकाच्या खवणीचे दाते तिकोनी कानशीने एकेक करून उठवले, नारळ पुन्हा भुरभुर पडायला लागला.

मी खुशीत 600 चा कागद लावायला घेतला तर आईने विळी ओढून घेतली. "मला एवढीच पुरे. विळीवर मी बघत नाही, हाताने चिरते. तू तिला ब्लेड केलंस तर माझं बोट जाईल." चाळीस वर्षं गप्पा मारत भाजी चिरणाऱ्या बाईचं म्हणणं मला पटलं. विळीला आता दर दोन महिन्यांनी 320, पुढे काही नाही.

कोयत्याच्या बाबतीत माझी हुशारी मे महिन्यात गावी उतरली. फणस आणि शहाळ्यांसाठी म्हणून कोयत्यालाही सुरीसारखी पातळ धार काढली. दुसऱ्याच नारळाला धार चंद्रकोरीसारखी दुमडली. गावातल्या लोहाराकडे नेला. त्याने नखाने धार चाचपली, हसला, सपाट कानस घेतली आणि चांगला जाड, पोटाला किंचित फुगीर असा उतार काढून दिला. हा कोयता ट्रकच्या कमानपट्टीचा. "पाणी चांगलं आहे याचं," तो म्हणाला (पाणी म्हणजे पोलाद तापवून-विझवून आणलेला कडकपणा), "पण कोयता तोडायला असतो दादा, चिरायला नाही." कानस पात्याला चावली तर कानशीनेच धार काढायची, नुसती घसरली तर पातं कडक आहे, दगड घ्यायचा, हेही त्याच्याकडूनच कळलं. पंचवीस-तीस अंशांचा हा उतार आषाढापर्यंत टिकलाय. फणसाच्या चिकासाठी पात्याला आधी खोबरेल लावायचं हे मात्र मला आधीपासून माहीत होतं, तेवढीच माझी लाज राहिली.

सायकलवर एमरीचं चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याबद्दलही विचारलं जातं. विळ्या आणि जाड सुऱ्यांसाठी मला तो आवडतो, बाकाचं काम त्याचं चाक झटक्यात करतं. पातळ सुरी देत असाल तर शेजारी उभे राहा. कोरड्या चाकावर एकाच जागी दाबून धरलं की पातं तापतं, तिथे निळसर डाग येतो, आणि त्या जागचं पाणी उतरतं. मग कितीही पाजवा, तेवढा तुकडा आठवड्यात बोथट होतो.

रोजच्या वापरात सर्वात उपयोगी पडलेली वस्तू फुकटातली आहे. चामड्याचा पट्टा, न्हाव्याकडे असायचा तसा. माझ्या जुन्या कमरपट्ट्याचा प्रयोग फसला, कारण ते चामडं नव्हतंच, दोन दिवसांत पापुद्रे निघाले. मग चपला शिवणाऱ्या काकांकडून खऱ्या चामड्याची पट्टी मागून आणली, ती प्लायवुडवर चिकटवली, वर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट चोळली. रविवारी चहा उकळेपर्यंत दोन्ही बाजूंनी दहा-दहा हात, पाठ पुढे, धार मागे. यामुळे दगड दोन-अडीच महिन्यांतून एकदाच काढावा लागतो. सुरीसोबत मिळणारी गोल स्टीलची सळई हेच काम थोडं राकटपणे करते. कडक जपानी सुरीला ती लावू नका, टवके उडतात.

धार जाते ती कापल्याने कमी आणि आपल्या सवयींनी जास्त. आमच्याकडे काचेची चॉपिंग फळी होती, ती आता साबुदाणावड्या थापायला वापरतो. चिरलेला कांदा धारेने ओढून कढईत लोटायची सवय बायकोची आणि माझीही होती. आता सुरी उलटी करून पाठीने लोटतो.

आज घ्यायचं झालं तर मी काळा दगड, चामड्याची पट्टी, विळीसाठी कागद आणि गावी कोयता असेल तर एक कानस घेईन. हजाराच्या आत भागतं. हौस टिकली तर सहा महिन्यांनी 1000 चा दगड, नुसता 1000 चा. दातेरी चाकूचं म्हणाल तर मी गोल सळईने एकेक दाता करून पाहिला, अर्धा तास गेला. पुढच्या वेळी नवा आणीन.

अडकित्त्याला अजून हात लावलेला नाही. त्याचा खिळा ठोकून बसवलेला आहे, तो काढल्याशिवाय पातं दगडावर टेकत नाही, आणि आजोबांचा म्हणून तो काढायचा धीर होत नाही. सुपारी सध्या चुलतकाका दातांनीच फोडतात.