परसातला गोबरगॅस: दोन वर्षं वापरल्यावर

गुहागरला आमच्या परसात तरंगत्या टाकीचा छोटा गोबरगॅस बसवून दोन वर्षं झाली. शेण फक्त सुरुवातीला, विरजणासारखं. आता रोज उरलेला भात, भाजीची देठं, बांगड्याची डोकी बारीक करून घालते. सकाळी टाकी वीतभर वर आलेली दिसली की बरं वाटतं. चहा आणि सकाळचा भात त्यावर होतो. ज्योत निळी, भांडी काळी होत नाहीत.

मी हा घेतला तो मिथेनसाठी, म्हणजे अन्न कुजताना निघणारा हा वायू हवेत न जाता चुलीत जळावा म्हणून. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ पटींहून जास्त उष्णता धरतो. आपल्या ताटातला मिथेन येतो मुख्यतः पाणी साचलेल्या भातखाचरातून आणि गोठ्यातून. माझी बहीण अमेरिकेत असते. तिथे भातापेक्षा गोमांस आणि दूध यांचाच वाटा मोठा. शिवाय टाकलेलं अन्न. तिथल्या पर्यावरण संस्थेच्या २०२३च्या अहवालाप्रमाणे कचराभूमीतून निसटणाऱ्या मिथेनपैकी ५८ टक्के अन्नाचा असतो. दोन्ही देशांत कुजणारं अन्न तेच; फक्त माझ्याकडे तो मिथेन जळून जातो.

तक्रारही सांगते. पहिल्याच पावसात नळीचा सांधा सुटला, दुरुस्तीला माणूस बारा दिवसांनी आला. तेवढे दिवस वायू हवेत गेला, ते फार लागलं. श्रावणात गॅस निम्म्यावर येतो. लिंबाच्या साली घालू नका, आत आंबट होऊन सगळं बंद पडतं. टाकीतून बाहेर पडणारी मळी मात्र सोन्यासारखी. आमच्या सुपारीला घालते.